खुणा न आढळल्याबद्दल

कोणतीही वस्तू आपली आहे हे सिद्ध करायचे असेल, तर आधी ती थोडी खराब करून ठेवावी लागते. शाळेतला बाक ज्याने कर्कटकाने खरवडला त्याचा, आणि भिंत जिने पान खाऊन रंगवली तिची. तत्त्व इतके सोपे असूनही उंबरकडा वाडीला ते तीन पिढ्यांत कळले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

नगर जिल्ह्यात पश्चिमेला, ऊस संपून चढ सुरू होतो तिथे ही ठाकरांची वाडी आहे (उंबरे त्र्याऐंशी, मोबाईलला रेंज फक्त मारुतीच्या पारावर). वाडीच्या डोक्यावर रान. पणज्यांपासून वाडी याच रानातला हिरडा वेचते, करवंदं खाते, पडलेल्या फांद्यांवर भाकरी भाजते. आता कायदा म्हणतो, जे गाव रान वापरते आणि राखते, त्याच्या ग्रामसभेच्या नावे त्या रानाचा हक्क लिहून द्यावा. तो कागद मिळाला की हिरडा वेचताना "कुणाच्या परवानगीनं?" असे कुणी विचारायचे नाही. वाडीला एवढेच हवे होते.

दाव्याची फाईल संस्कृतीने लिहिली. ती दहावीत, अक्षर मोत्यासारखे, आणि 'सबब' हा शब्द तिला नुकताच सापडलेला. फाईलमध्ये तो अकरा वेळा आहे (सरांच्या मते दोनदा पुरला असता).

मग तालुक्याच्या कचेरीतून पत्र आले : सोमवारी पथक येईल, वापराच्या खुणा प्रत्यक्ष पाहील.

आता साहेब येणार म्हटल्यावर कोणतेही सुसंस्कृत गाव जे करील, तेच वाडीने केले. झाडलोट! आणि नेतृत्व अर्थातच संस्कृतीकडे, कारण स्वच्छतेवरच्या निबंधात तालुक्यात दुसरी आलेली मुलगी वाडीत दुसरी कोण होती? दोन दिवसांत रानातल्या चुलींचे दगड उचलून ओढ्यात गेले. हिरडा वाळवायची जागा झाडून तिच्यावर पाचोळा अंथरला. गुरांचे शेण पाट्या भरभरून खाली आणले. पायवाट उघडी-बोडकी दिसत होती, तिच्यावर संस्कृतीने स्वतः रानफुलांची रोपे लावली.

"पोरी, रान हाय का सासरी निगालेली नवरी?" बायडाबाई म्हणाली. ही सत्तरीची, रानाची राखणदार. पण झाडू तिच्याही हातात होता.

सोमवारी पथक आले. मोठे साहेब दहा मिनिटे नुसते बघत राहिले.

"अप्रतिम! इथं माणूस फिरकलेलाच दिसत नाही."

"व्हय साहेब," वाडीच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष रामहरीकाका फुलून म्हणाले, "आमी असंच ठिवतो."

साहेबांनी लिहिले : मानवी वापर, निरंक.

आपणच लावलेल्या फुलांच्या रोपांकडे संस्कृतीला बघवेना.

"तोडलेल्या झाडांचे बुंधे असतील?" साहेबांनी विचारले.

"न्हाईत जी."

"निदान एखादी जळालेली जागा?"

"चुली झाडल्या, आन् बुंधं कुठनं असतील? रानात लोखंड न्यायाचं न्हाई," बायडाबाई म्हणाली. "कोयता खाली शिवंच्या दगडापाशी ठिवायचा आन् रिकाम्या हातानं वर जायाचं. आमची रीतच हाय तशी."

"रीत उत्तम आहे, आजी. फक्त ती फोटोत येत नाही."

(हिशेब स्पष्ट होता. वाडीने एक टेकडी जरी बोडकी केली असती, तरी दावा त्याच दुपारी मंजूर होता.)

इतक्यात पथकातला एकजण मोठ्या बेहड्यापाशी ओरडला. खोडावर बदामात बाण, आणि खाली कोरलेले : 'अमृत + सुकन्या, १९९८, सावे'. साहेबांचा चेहरा उजळला. टेप लावली, जीपीएस घेतले, तीन बाजूंनी फोटो काढले. लेखी पुरावा, तारखेसह! कायद्यात मुदत दोन हजार पाचची, अमृतराव सात वर्षे आधीच हजर.

"म्हणजे रान अमृतचं?" संस्कृतीने विचारले.

"मी कुठं म्हणतोय? पुरावा म्हणतोय."

बायडाबाईने डोळे बारीक करून अक्षरे पाहिली. तिला वाचता येत नाही, पण झाड तिच्या ओळखीचे.

"आगं, ह्यो त्योच! नगरचं पोरगं, सावेडीचं. काजवे बघाया आल्तं. करवंदीच्या फोकानं असा हानला म्या, लिवनं अर्धं टाकून पळालं!"

'सावे'च्या पुढे खरोखरच एक तिरपा ओरखडा होता. 'डी' लिहायच्या आत फोक बसल्याचा.

संस्कृती जागची उडालीच. "साहेब! राखण केल्याचा पुरावा! कायद्यात लिहिलंय, वापरते आणि राखते! सबब—"

साहेबांनी ओरखड्यावर बोट फिरवले. विचार केला. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमात होता.

"मारल्याचं मारणाऱ्यानं सांगून चालत नाही. मार खाणाऱ्याचा जबाब आणा. तीस दिवस."

त्यांतले एकवीस गेले. रामहरीकाका सावेडीत दोनदा जाऊन आले. तिथे अमृत नावाचे सदतीस गृहस्थ भेटले, आणि सगळ्यांनी लहानपणापासून आपले झाडांवर अतिशय प्रेम असल्याचे सांगितले. पाठ मात्र कुणी दाखवेना.

सबब (लेखी, बाराव्यांदा), संस्कृतीने खालील जाहीर निवेदन पारावर बसून लिहिले आहे :

'श्री. अमृत, आपण जिथे असाल तिथून आधारकार्डासह यावे. बायडाआजी रागावलेली नाही. सुकन्याताई आता सोबत नसल्यास त्याबद्दल कुणी विचारणार नाही. आपल्या पाठीवरच्या एका वळावर त्र्याऐंशी घरांचे रान अडले आहे.

वाचकांचे नाव अमृत नसेल तरी हरकत नाही. कुठल्यातरी डोंगरावर, कुठल्यातरी झाडावर आपलेही नाव असेलच. तेव्हा मागून फोक घेऊन कोण धावले होते, तेवढे आठवून कळवावे. त्यांचीही फाईल अडली असेल.'