माळावरची तीन दगडांची चूल

“रानात रांधायला काय लागतं? विस्तव, पीठ आन् डोकं! तिन्ही आपल्याकडं हाय!” असं म्हणत कृष्णराजनं मोटारसायकलला निळा तंबू बांधला, बायकोला, हर्षालीला, मागं बसवलं आणि येडशीच्या पलीकडचा घरचाच माळ गाठला. तिथं मोबाइलची रेंज फिरकत नाही. “म्हणून तर निवडला!” तो म्हणाला.

कारण साधं होतं. घर एकत्र, पंगत मोठी. सगळ्यांचं वाढून हर्षाली ताटावर बसेपर्यंत भाकरीचं पायताण झालेलं असायचं. परवा ती सहज म्हणाली, “तव्यावरची गरम भाकरी कशी लागते, विसरलेच बघा मी.” ते कृष्णराजला लागलं. आज गरम भाकरी तिच्या ताटात पडणार, आणि तीही त्याच्या हातची!

पिठलं-भाकरी (दोघांपुरती)

*तीन दगड मांडून चूल पेटवावी.*

पेटली नाही. धूर मात्र असा निघाला, जणू साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला! तो बघून शेजारच्या रानातला गुंडाप्पा शेरडं घेऊन आला. त्यानं चूल बघितली, तवा बघितला, पिठाची पिशवी बघितली, तंबू बघितला.

“कृष्णा, हितंच का आता?”

“व्हय मामा, हितंच!”

“आन् सत्यभामावैनीला ठावं हाय?”

“आईला कशाला सांगायचं? आमचं दोघांचंच हाय!”

गुंडाप्पानं कपाळावर हात मारला आणि गावाकडं असा सुटला, की शेरडांना धाप लागली.

“जळला म्हातारा!” कृष्णराज खुशीत म्हणाला.

*भाकरी हलक्या हातानं थापावी.*

पहिली थेट धाराशिव जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. उमरगा तव्याबाहेर लोंबत होता. दुसरी जरा बरी. तिसरी मात्र निखाऱ्यावर टम्म फुगली! त्यानं ती हर्षालीच्या ताटात टाकली, आणि

ट्रॅक्टर आला.

ट्रॉलीत आई सत्यभामाबाई, वडील महारुद्र अण्णा, सगळी भावकी आणि वाट दाखवायला गुंडाप्पा.

“आरं, काय कमी पडलं तुला?” सत्यभामाबाईंनी हंबरडा फोडला. “वेगळी चूल मांडलीस! तीबी माझ्याच तव्यावर!”

“आई, आमी फिरायला आलोय!”

“फिरायला कुणी तवा घिऊन जातं व्हय रं?” अण्णांनी विचारलं.

भावकीतला एक जण तर वाटणीसाठी माळ पावलांनी मोजायलाही लागला.

“आत्या, खरंच फिरायला आलोय,” हर्षाली सासूला म्हणाली. “हे मला भाकरी करून घालणार हायेत.”

वाटणीवर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला होता. ह्यावर कुणाचाच बसेना!

“कोण? ह्यो?” सत्यभामाबाईंनी डोळे पुसले, हर्षालीच्या ताटातली फुगलेली भाकरी उचलली, तुकडा मोडला. “बघू.”

मग अण्णांनी बघितलं. गुंडाप्पानं बघितलं. भावकीनं तर दोन-दोनदा बघितलं!

*पिठल्यात पाणी घालावं. आणखी घालावं. ट्रॉलीकडं बघून पुन्हा घालावं.*

तव्यावरून उतरली की भाकरी गायब! सवयीनं हर्षाली वाढायला उठली. “बस!” कृष्णराज ओरडला. “आज उठायचं न्हाय!” पिशवी झटकली तेव्हा शेवटचं मूठभर पीठ निघालं. त्यानं चतकोराएवढी भाकरी थापली, शेकली. अण्णांचा हात पुढं आला.

सत्यभामाबाईंनी त्यावर सणसणीत चापट मारली. “ती तिची हाय!”

हर्षालीनं घास घेतला. बोट भाजलं, जीभ भाजली. सगळा माळ तिच्या तोंडाकडं बघत होता.

“कशी हाय?” कृष्णराजनं श्वास रोखून विचारलं.

“मधी कच्ची हाय,” ती भरल्या तोंडानं हसली. “पण गरम हाय!”

सत्यभामाबाई पदर खोचून म्हणाल्या, “लगीन झाल्यापास्नं म्याबी गारच खात आले. उद्याच्याला म्याबी वेगळी निघणार!”

ट्रॉलीतल्या बायका एका सुरात म्हणाल्या, “आमीबी!”

“आन् मला कोण घालायचं?” अण्णांचा चेहरा उतरला.

“अण्णा, बसा हिकडं,” कृष्णराजनं परात सरकवली. “पीठ मळायला शिकवतो.”

अण्णांनी घाईघाईनं पिशवी उलटी केली. रिकामी पिशवी बघून एवढा खूश झालेला माणूस त्या माळानं कधीच पाहिला नव्हता!