आखूड वायरीची शर्यत

"हल्लीचे कंट्रोलर म्हणजे निव्वळ खेळणी!" सर्वज्ञांनी दिवाणखान्यात जाहीर केलं. हे नाव त्यांना विमा कचेरीत पडलं होतं, कारण त्यांना जगातलं सगळं ठाऊक असायचं. नाव कुचेष्टेनं ठेवलंय, एवढंच ठाऊक नव्हतं!

शाळेत असताना ज्या कंट्रोलरनं त्यांनी व्हिडिओ गेममध्ये अख्ख्या गल्लीला हरवलं, तो पिवळा पडलेला ठोकळा त्यांनी कपाटातून काढला. भांडण त्या कपाटावरूनच पेटलं होतं. आत बंद पडलेले कन्सोल आणि वायरींची भेंडोळी. बायकोला ते कपाट हवं होतं आणि सर्वज्ञ जीव गेला तरी सोडायला तयार नव्हते. शेवटी पैज लागली. नव्या कन्सोलवर मोटारींची एक शर्यत, जो जिंकेल त्याचं कपाट! बायकोनं नवा कंट्रोलर घ्यायचा, सर्वज्ञांनी जुना.

जुनी पिन नव्या कन्सोलला बसावी म्हणून त्यांनी अडॅप्टर मागवला होता. काडेपेटीएवढी डबी. सोबतचा सूचनांचा कागद त्यांनी घडीसकट चहाच्या कपाखाली सरकवला.

"वाचा की एकदा," बायको म्हणाली.

"मी? सूचना वाचू?"

डबीवर हिरवा दिवा लागला आणि सर्वज्ञांची छाती फुगली. जुनी वायर एवढी आखूड, की त्यांना टीव्हीला नाक लावूनच बसावं लागलं. तेवढ्यात पडद्यावर हुकूम आला. खेळात यायचं तर कंट्रोलरच्या वरच्या कडेची दोन्ही बटणं दाबा. ठोकळ्याच्या वरच्या कडेला वायरीखेरीज काहीच नव्हतं!

मागे सोफ्यावर सर्वज्ञांच्या सासूबाई स्वेटर विणत होत्या. शेजारीच दुसरा नवा कंट्रोलर पडला होता.

"आई, त्याची वरची दोन बटणं तेवढी दाबा. तुमचं काम संपलं!"

सासूबाईंनी दाबली. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल मोटार अवतरली.

"बघितलंस? ओळखलं त्यानं मला!"

शर्यत सुटली आणि लाल मोटार सरळ भिंतीवर आदळली.

"हात गरम व्हायचाय!"

पुन्हा भिंत!

"अहो, उलटी चाललीय!"

"मुद्दाम चालवतोय! अंदाज घेतोय."

मग मात्र मोटार सुतासारखी सरळ आली. वळणं काय घेते, बायकोला मागे काय टाकते! सर्वज्ञ ठोकळा बडवत डावी-उजवीकडे झुकत होते. "याला म्हणतात पकड! शिका जरा!" बायकोचा चेहरा उतरला. कपाट हातचं चाललं होतं.

शेवटच्या वळणावर सर्वज्ञांना राहवलं नाही. वायरीचं भान विसरून ते ताडकन उठले. खट्! पिन निघाली. ठोकळा हातात लोंबकळत राहिला आणि लाल मोटारीनं ते वळण झोकात घेऊन शर्यत जिंकली!

दोघांनी सावकाश मागे वळून पाहिलं.

स्वेटर जमिनीवर पडला होता. सासूबाई सोफ्याच्या कडेवर, जीभ दातांत धरून, दोन्ही हातांत कंट्रोलर.

"म्हटलं, बघू तरी काय होतं," त्या म्हणाल्या. "आधी दोनदा आपटली, मग जमलं."

डबीवरचा हिरवा दिवा अजून ऐटीत चालू होता.

"कपाट जिंकेल त्याचं ठरलंय ना, जावईबापू? मग काढा तुमचा पसारा, मला माझी लोकर ठेवायचीय." सासूबाईंनी सुया उचलल्या. "ती दिव्याची डबी मात्र राहू द्या. कपाटात फार अंधार असतो."