दिल्ली ते चेन्नई, पावणेतीन तास

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या खंडेरावांना शुक्रवारी दुपारी चार वाजता चेन्नईत पोचायचं होतं. त्यांची लेक तेजश्री तिथल्या मराठी मंडळात आयुष्यातलं पहिलं कीर्तन करणार होती. पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात. तो मान तिने बाबांसाठी राखून ठेवला होता. पहाडगंजात कुठे कीर्तन असलं की तिला मांडीवर घेऊन ते पहिल्या रांगेत बसत. झांज वाजली की पोर झोपेतून उठून टाळ्या वाजवायची. हक्काचाच मान होता तो.

खंडेराव एका केंद्रीय कार्यालयातल्या 'अंतर व कालावधी निश्चिती कक्षा'चे प्रमुख. प्रवासासाठी कोणाला किती रजा द्यावी, हे ठरवणारा तक्ता त्यांनीच केलेला. पूर्वी लोक ट्रॅफिक, तपासणी, सामान अशी कारणं सांगून अख्खा दिवस मागत. खंडेरावांनी ती भानगडच मिटवली. दोन विमानतळांमधलं अंतर घ्या, विमानाच्या सरासरी वेगाने भागा. दिल्ली ते चेन्नई सुमारे साडेसतराशे किलोमीटर, पावणेतीन तास. उरलेलं सगळं कलम चारनुसार 'स्थानिक हालचाल'. ती कर्मचाऱ्याने आपल्या सवडीने करावी. गेल्या वर्षी कार्यालयातल्या अलकाताई आईच्या ऑपरेशनला निघाल्या, तेव्हा त्यांनाही हेच कलम वाचून दाखवलं होतं. अगदी प्रेमाने, वर चहा पाजून.

आता खंडेरावांचा अर्ज हाताखालच्या अंशुमनकडे गेला. पोरगा तत्पर. चारला पोचायचं म्हणजे सव्वाला निघायचं. सव्वापर्यंत खुर्चीत उपस्थिती आवश्यक, असा शेरा मारून त्याने अर्ज तात्काळ मंजूर केला.

"अरे, सव्वाला मी खुर्चीतून उठणार. विमान काय खिडकीला लागणार आहे?"

"बिल्कुल पटतं, सर. पण खुर्ची ते विमान हे अंतर तक्त्यातच नाही." अंशुमनने फाइल अदबीने पुढे सरकवली. "सही तुमचीच आहे."

पूर्ण दिवस मागायची सोय होती, नाही असं नाही. कलम नऊ: जादा वेळ हवा असल्यास तक्ता चुकीचा आहे, असं लिहून द्यावं. खंडेरावांनी पेन उघडलं. समोरच्या भिंतीवर त्या तक्त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र, चौकटीसकट, त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी पेन बंद केलं.

शुक्रवारी सव्वाला ते उठले. चारला ते दिल्लीच्याच विमानतळावर, तपासणीच्या रांगेत, कमरेचा पट्टा हातात घेऊन उभे होते. तेवढ्यात कार्यालयाचा संदेश आला: 'आपला प्रवास नियोजित वेळेत पूर्ण झाला आहे. अभिनंदन.' मागोमाग तेजश्रीचा फोन.

"बाबा, नमन सुरू करतेय. पण हार तुमच्याच हातून घेणार. कुठवर आलात?"

खंडेरावांनी पिशवीतल्या मोगऱ्याच्या हाराकडे पाहिलं. "पोचतोच आहे, बेटा," ते म्हणाले. कागदोपत्री खोटं नव्हतंच ते.

तिकडे पूर्वरंग संपला. तबकात बुक्का तयार, पण हाराचा पत्ता नाही. पोरीने नामघोष धरला आणि लोकांनी अर्धा तास टाळ्यांच्या ठेक्यावर तो उचलून धरला. दारापाशी कोणी आलं की तिचे डोळे तिकडे जात.

हसा हो खुशाल खंडेरावांना. तुमच्याही वाटेकडे आत्ता कोणीतरी डोळे लावून बसलंय. मघाशी तुम्हीच त्याला 'निघालोच' म्हणून सांगितलंत, आणि अजून इथे वाचत बसला आहात.