सरूआत्याचा जाम व्हॉल्व

सरूआत्याला लघवी अडकत होती आणि मी तिला फोनवरून आठवडाभर हुलग्याचं कढण नि वर तांब्या तांब्या धन्याचं पाणी प्यायला लावलं. खडा असेल, वाहून जाईल, असं माझं निदान. शिक्षण बी.कॉम. आठव्या दिवशी तिच्याकडून दूध नेणाऱ्या गवळ्याचा फोन आला: आत्याचं पोट घागरीसारखं टम्म! दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठे ती बोलू लागली. पहिली शिवी मला.

राहुरीजवळ एकटी राहणारी ही आत्या कमरेला पाना खोचून हिंडते. लग्न असो, देऊळ असो, नळ गळताना दिसला की आवळणार आणि यजमानाला झापणार.

पुढे नगरला डॉक्टरीणबाईंसमोर मी घसा खाकरला. "हिला जरा... खालचा त्रास आहे."

"खालचा म्हंजे? पायाचा का?" आत्या कडाडली. "बाई, मला मुतायला हुत न्हाई. हा लाजतो. सोता मातुर रस्त्याच्या कडंला उभा ऱ्हातो!"

बाहेरचे पेशंट हसले.

तपासण्या झाल्यावर बाई म्हणाल्या, "लघवीची पिशवी जोर लावते, पण तिचं तोंड उघडत नाही."

"मोटर चांगली, व्हॉल्व जाम. म्होरं?"

बाईंनी उपाय सांगितले. आधी तोंड सैल करणारी गोळी. तिनं चक्कर येऊ शकते. तिनं भागलं नाही तर दिवसातून चार-पाचदा आपल्या हातानं नळी घालून पिशवी रिकामी करायची. किंवा दुर्बिणीतून त्या तोंडाला छेद; पण त्यानंतर कधीकधी गळत राहतं.

"गळतं?" आत्यानं पाना चाचपला. "जल्मभर दुसऱ्याचं आवळलं, आन् आता माझंच गळू देऊ? गोळी द्या. नळी बी शिकवा."

"आत्या, स्वतः नळी? लोक काय म्हणतील?"

"लोकं येनार हायेत का घालाया?"

पडद्यामागे सिस्टर आरसा धरून शिकवू लागली. मी बाहेर उभा. तिनं विचारलं, "आजी, घरी सोबतीला कोण?"

आतल्या बेसिनचा नळ टपटपताना बाहेर ऐकू येत होता, तरी आत्यानं तो आवळला नाही.

"म्हैस हाय," ती हळूच म्हणाली. "त्या दिशी दारापतुर जाता आलं न्हाई. हाका मारल्या. तिनं वळून पाह्यलं तेवढं."

ती बाहेर आल्यावर मी कसंबसं म्हणालो, "आत्या, थोडे दिवस येऊन राहू?"

ती पुन्हा पडद्यामागे गेली, पाना काढून तो नळ घट्ट आवळला, मग म्हणाली,

"ये की. पन चुलीपाशी फिरकायचं न्हाई. तुझ्यापरीस म्हशीला अक्कल हाय."