विद्वांस सही करत नाहीत

आमच्या ऑफिसात कणकेचा डबा घेऊन येणारा एकच माणूस आहे, आणि त्या कणकेच्या पोळ्या कधीच होत नाहीत. सकाळचा चहा झाला की विद्वांस डबा उघडतात, भिजवलेल्या कणकेत उजवा हात घालतात, दोनदा मळतात आणि त्याच हाताने टेबलावरचा फोन उचलतात. "पोळ्या लाटताना माहेरचा फोन आला तर बाई आधी हात धुवायला जाईल का रे?" असं समोर जो असेल त्याला विचारतात. फोनने कणकेचा हात ओळखला नाही की त्यांचा चेहरा पडतो. ओळखला तर आणखी पडतो, कारण मग दुसरी चूक शोधावी लागते.

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोमागे आमचं ऑफिस आहे. स्वस्तातल्या फोनची ऑपरेटिंग सिस्टीम आम्ही बनवतो. म्हणजे फोन बनवणारे वेगळे. चालू केल्यावर त्यात जे दिसतं, हलतं आणि अडकतं, ते आमचं. नवी आवृत्ती बाहेर जायच्या आधी ती तपासून कुणालातरी सही करावी लागते. तो कुणीतरी म्हणजे विद्वांस. माझं काम त्याहून हलकं. अपडेटबरोबर जो मजकूर येतो, तो मी लिहितो. 'किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा' हे तुम्ही वाचलं नसेल, कुणीच वाचत नाही, पण त्याचा पगार मला मिळतो.

विद्वांस पन्नाशीचे, डोंबिवलीत एकटेच राहतात. "त्यांचं लग्नसुद्धा अजून टेस्टिंगमध्ये अडकलंय," असं आमचे साहेब म्हणतात, आणि त्यावर सगळे हसतात, विद्वांससुद्धा. बॅटरी तपासायची असली की ते फोन खिशात टाकून कल्याणहून वाशीच्या बसमध्ये बसतात. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून फोन जिवंत बाहेर पडला तर पास. "हे कुणाच्या हातात जाणार?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. साहेब तारीख सांगतात, विद्वांस हा प्रश्न विचारतात आणि तारीख पुढे जाते.

एखादी चूक सुटून बाहेर गेलीच, तर विद्वांस रस्त्याने मान खाली घालून चालतात. मोबाईलचं दुकान दिसलं की रस्ता ओलांडतात. एकदा आम्ही रिक्षात होतो आणि रिक्षावाल्याचा फोन बोलता बोलता बंद पडला. विद्वांसांनी मागच्या सीटवरून हात जोडले. "माफ करा हो. आमचं लक्ष कमी पडतं." तो फोन आमच्या सिस्टीमचा नव्हताच. रिक्षावाल्याने आरशातून मला विचारलं, "काका बरे आहेत ना?" मला तिथेच उतरून चालत घरी जावंसं वाटलं.

गेल्या दिवाळीआधी एक रिलीज विद्वांसांमुळे दोनदा लांबलं होतं. तिसऱ्यांदा त्यांना नवीनच काहीतरी सापडलं. फोनवरचं अक्षर सगळ्यात मोठं केलं, तर कॉल घ्यायचं हिरवं बटण खाली सरकत सरकत स्क्रीनच्या बाहेर जायचं. फोन वाजतोय, नाव दिसतंय, पण उचलायला काही नाही.

"सगळ्यात मोठं अक्षर लावतं कोण, विद्वांस?" साहेबांनी विचारलं.

"ज्यांना दिसत नाही ते."

"असे किती? पुढच्या अपडेटमध्ये करू की. फोनवाल्यांनी काम काढून घेतलं तर बाहेर बसलेल्या पोरांचे पगार तुम्ही देणार?"

विद्वांसांनी काचेपलीकडच्या पोरांकडे बघितलं आणि सही केली. मी मजकूर लिहिला: 'आता आणखी सोपा अनुभव'. लिहिताना माझे कान गरम झाले.

त्यानंतर बरेच दिवस विद्वांसांनी कणीक आणली नाही. जेवायलाही आमच्यात बसेनात. आणि एका शनिवारी मला म्हणाले, "सावंत, उद्या आमच्या घराजवळच्या बागेत येशील? एकट्याला धीर होत नाही."

रविवारी संध्याकाळी डोंबिवलीच्या त्या बागेत म्हातारी माणसं बाकांवर बसली होती. विद्वांस पहिल्याच बाकापाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार. तुम्ही फोनवर मोठं अक्षर लावता का? जरा फोन दाखवता?"

कानटोपीवाले एक आजोबा ताडकन उठले. "ओटीपी देणार नाही!"

"ओटीपी नको हो, फक्त फोन..."

"हेच! असंच बोलतात हे लोक! मागच्या महिन्यात जोशांना असंच गोड बोलून फसवलं!"

मग सगळ्याच बाकांवरून फोन खिशात, पर्समध्ये गेले, एका बाईंचा तर ब्लाऊजमध्ये. वॉचमन आला. विद्वांस त्याला आमच्या कंपनीचं कार्ड दाखवायला लागले, तसा वॉचमन म्हणाला, "कार्ड काय, सगळ्यांकडेच असतं." त्याने आम्हाला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. समोर माझ्या बायकोची मैत्रीण भाजी घेत होती. तिने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. इतकी लाज मला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती.

तेवढ्यात एक म्हातारी बाई आमच्या मागोमाग फाटकाबाहेर आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "माझा उचलला जात नाही हो. कुणाला सांगू नका."

या पेडणेकर काकू. बागेच्या मागच्याच इमारतीत एकट्या राहतात, लेक पुण्यात. फोन उचलला जाईना म्हणून लेकीने घाबरून शेजाऱ्यांना दार वाजवायला लावलं होतं, आणि मग स्वतः येऊन "आई, तुला साधा फोन उचलता येत नाही?" म्हणून ओरडून गेली होती. तेव्हापासून काकू फोन उशीखाली ठेवत होत्या. वाजला की त्यांना धडकी भरायची.

"मला मेलीलाच कळत नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही एवढं चांगलं करून देता, आणि मी अशी. माफ करा हं."

 आयुष्यभर दुसऱ्यांची माफी मागणारा हा माणूस, आणि ज्या चुकीखाली त्याची सही होती, तिची माफी समोरची बाई मागत होती. "काकू, तुमचं काही चुकलेलं नाही," विद्वांस म्हणाले. "बटण आम्ही घालवलं." काकूंना ते पटलं नाही. त्यांना वाटलं, भला माणूस आहे, समजूत घालतोय.

विद्वांसांनी अक्षर थोडं लहान केलं. बटण दिसायला लागलं, पण आता काकूंना नाव वाचता येईना. कर्ज हवंय का विचारणाऱ्या एका पोरीशी त्या लेक समजून बराच वेळ बोलल्या, तिला सर्दीवर काढा सांगितला. हे कळल्यापासून विद्वांस दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागले. जाऊन माफी मागायची, फोन बघायचा, परत यायचं.

साहेब म्हणाले होते ते पुढचं अपडेट होळीला आलं, बटणाच्या दुरुस्तीसकट. या वेळचा उशीर विद्वांसांमुळे नव्हता, म्हणून कुणी आरडाओरडा केला नाही. मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्त्या', आणि पहिल्यांदाच ते खरं होतं. विद्वांसांनी काकूंचं अक्षर परत मोठं करून दिलं, असं मला कळलं. रविवार मात्र थांबले नाहीत. शेवटी कुतूहलाने मीही एकदा बरोबर गेलो.

काकू पोहे करत होत्या. विद्वांस म्हणाले, "आधी बघून घेऊ," आणि गॅलरीत जाऊन त्यांनी काकूंना फोन लावला. फोन माझ्या शेजारीच दिवाणावर होता. विद्वांसांचं नाव ठसठशीत उमटलं आणि खाली पुरीएवढं हिरवं बटण. काकू पदराला हात पुसत आल्या, बटणाकडे नीट बघितलं आणि फोन वाजून वाजून बंद होऊ दिला.

"नाही हो दिसत, विद्वांस!" त्या ओरडल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"दिसतंय रे," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण सगळं नीट झालं म्हटलं तर हा यायचा कसा? माफी मागायची नसेल तर या माणसाला कुणाच्या घरात शिरताच येत नाही."

विद्वांस आत आले. त्यांनी काकूंचा फोन डाव्या हातात धरला आणि आपल्या फोनवरून परत लावला. बटण ढळढळीत समोर होतं. याहून कितीतरी बारीक गोष्टींवरून या माणसाने आमच्या तारखा पुढे ढकलल्या होत्या. ते बटणाकडे बघत राहिले, मग काकूंकडे बघितलं. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"खरंच की," ते म्हणाले. "अजून आहे. पुढच्या रविवारी परत बघावं लागेल."

"बघा बाई लवकर," काकू म्हणाल्या, "आणि आता बसा, पोहे गार होतील."

विद्वांस बसले. त्यांचे कान लालेलाल झाले होते. मी मान खाली घालून पोहे खात राहिलो.