बाबांची स्कूटर आणि सगळं गाव

मुलानं वेबसाइट बनवली होती ती गावाच्या प्रश्नांवर लोकांनी नीट वाद घालावा म्हणून. नियम एकच, पण कडक. विरोध करायचा असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं. समोरच्यानं ‘हो, हेच म्हणायचं होतं’ हे बटण दाबलं तरच उत्तराचा रकाना उघडायचा.

चाचणीसाठी त्यानं घरातलाच प्रश्न टाकला: ‘बाबांनी स्कूटर चालवणं बंद करावं का?’ खाली स्वतःचं मतही ठोकलं, ‘हो, आजपासूनच बंद!’ आणि उद्घाटनाच्या दिवशी तो प्रश्न काढायलाच विसरला.

सकाळी हे काम देणाऱ्या ग्रामपंचायतीच्या साहेबांचा फोन आला. “अहो, पार्किंगचा प्रश्न कुठाय? लोक तुमच्या बाबांवर तुटून पडलेत!”

खरंच पडले होते. कोणी डोळे तपासायला सांगत होतं, कोणी मुलाचे कान उपटत होतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं तर ‘मी यांना ओळखतो’ असं जाहीर करून टाकलं होतं.

“आता काही खरं नाही,” बायको म्हणाली. “मामंजी टॅब घेऊन बसलेत.”

बाबा निवृत्त वकील. कोर्टात हरले असतील, घरात कधीच नाही. विरोध नोंदवायला त्यांनी बाह्या सावरल्या आणि लिहिलं, ‘मुलाच्या मते मी म्हातारा झालोय.’

मुलानं शेजारच्या खोलीतून नकार दिला.

‘मुलाला माझी स्कूटर हवी आहे.’

“बाबा, काहीतरीच काय!” तो तिथूनच ओरडला.

“तोंडी नको, लेखी बोल!”

शेवटी एक ओळ उमटली: ‘मी परत येईपर्यंत मुलगा खिडकीत उभा असतो. त्याला भीती वाटते.’

मुलानं बटण दाबलं. बाबांसाठी उत्तराचा रकाना उघडला, पण तो रिकामाच राहिला. बाबाच उठून आले आणि त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

“मागे एकदा आपल्या फाटकाला धडकलो ना, तेव्हापासून मी ती वळणापलीकडे चालवतच नाही. तुम्हाला खिडकीतून दिसतं तेवढंच, वळणापर्यंत जातो, मग उतरतो आणि ढकलत नेतो.”

“ढकलत? मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलंत कुठे? हुकूम सोडलात. हुकमाविरुद्ध माणूस अपीलच करतो.”

मुलाला हसावं की रडावं कळेना. तो खुर्चीत बसला.

“अहो, पण मामंजी,” बायको म्हणाली, “रोज एवढं धूड ढकलत होतात?”

“मग काय!” बाबा गुडघे चोळत म्हणाले. “मी तर कधीपासून वाट बघतोय, कोणी नीट वाद घालून मला हरवतंय का!”