अँटेना कोण फिरवतो?

मुलांना उत्तर आयतं द्यायचं नाही, हे माझं तत्त्व. शाळेत ते जमलं नाही. तिथे सगळी घाई पोर्शन संपवायची. म्हणून निवृत्त झाल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज संध्याकाळी मुलांचा वर्ग सुरू केला. फी नाही, पाठांतर नाही. मुलांनी गट करायचे, प्रश्न काढायचे, आपापसात भांडून उत्तर शोधायचं. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून काही खरं मानायचं नाही. हे सांगताना मोठा माणूस म्हणून माझ्या डोळ्यांसमोर बाकी सगळे होते.

वर्ग झकास चालला होता. मग सेक्रेटरी मार्तंडरावांनी रंगीत टीव्ही घेतला.

सकाळी वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे तोंड करून घट्ट बसवलेला त्यांचा अँटेना संध्याकाळी बघावं तर ठाण्याकडे! पडद्यावर नुसत्या मुंग्या. मार्तंडराव धोतर सावरत गच्चीवर जात, तो सरळ करत. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठाणे.

सगळी बिल्डिंग एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या अनंतरावांचा टीव्ही अजून काळा-पांढरा होता, म्हणून पहिला संशय त्यांच्यावर. शेजारच्या सुलक्षणाबाईंचं म्हणणं वेगळंच. "मार्तंडराव स्वतःच फिरवतात हो. सिनेमा बघायला लोक येतात ना घरात, चहा द्यावा लागतो."

मार्तंडरावांचा संशय मात्र पक्का होता.

"सर, संध्याकाळी गच्चीवर कोण असतं? तुमची पोरं. सोमवारपासून गच्चीला कुलूप."

"माझी मुलं असं करणार नाहीत."

"पुरावा काय?"

प्रश्न माझ्याच वर्गातला होता, त्यामुळे मला आवडला. पण वर्ग बंद होऊ द्यायचा नव्हता.

"रविवारपर्यंत थांबा," मी म्हणालो. "हाच प्रश्न मुलांना घालतो. ती शोधून काढतील. आणि ज्याच्या घरातलं माणूस निघेल, त्या घराला वर्षभर गच्ची बंद."

"कुणाचंही घर असलं तरी?"

"कुणाचंही," मी म्हणालो, आणि जिन्यातून अनंतराव येत होते म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणालो.

मुलं कामाला लागली. एका गटाने अँटेनाच्या पाइपवर आणि खालच्या कठड्यावर खडूची रेघ मारली. एक गट जिन्यात बसला. तिसरा घरोघर चौकशी करू लागला. या गटाची पुढारी होती सातवीतली क्षमा. तिच्या कपाळावरची आठी बघून मोठी माणसंसुद्धा खरं बोलत.

अनंतराव तणतणत माझ्याकडे आले. "सर, तुमची ती क्षमा विचारते, दुपारी कुठे होता? म्हटलं, झोपलो होतो. तर म्हणते, कोणी पाहिलं का?"

"अगदी योग्य प्रश्न आहे."

"अहो, माझ्या झोपेला साक्षीदार कुठून आणू?"

"बायकोला विचारा. घोरणं ऐकू गेलं असेल."

ते गेले. त्यानंतर जिन्यात भेटले तरी ते माझ्याशी बोलेनात.

क्षमा आमच्याही घरी येऊन गेली. मला त्याचं कौतुकच वाटलं. सरांचं घर म्हणून सोडलं नाही पोरीने!

"काय विचारत होती गं?" मी कुंदाला, म्हणजे आमच्या हिला, विचारलं.

"काही नाही हो. कुरडया वाळायला किती वेळ लागतो, कावळे येत नाहीत का, असंच. वाटीभर चीक खाल्लान. गोड पोर आहे."

"बघ, याला म्हणतात कुतूहल."

त्या दिवसापासून मी गच्चीवर गेलो की मुलं बोलायची थांबत. एकदा वर्गातल्या बाळाने तर मला बघून पाठीमागे काहीतरी लपवलं. मला धन्य वाटलं. गुरूला वगळून मुलं विचार करू लागली, यापेक्षा मोठं यश कुठलं?

रविवारी सिनेमाच्या आधी सगळी सोसायटी गच्चीवर जमली. मी न्यायाधीशासारखा टाकीच्या कट्ट्यावर बसलो. मार्तंडरावांची बायको खाली टीव्हीसमोर, आणि तिथून वरपर्यंत प्रत्येक मजल्यावर एकेक मूल, निरोप पोचवायला.

क्षमा पुढे आली. "रेघ रोज सकाळी जुळते, पाचला जुळत नाही. आमचा वर्ग साडेपाचला. म्हणजे आम्ही नाही."

"शाब्बास," मी मार्तंडरावांकडे बघून म्हणालो.

"दुपारी जिन्यातून एकच माणूस वर येतं. ते फिरवत नाही. फिरवतो वारा."

"वारा काय आजच सुटला का?" मार्तंडराव म्हणाले.

क्षमाने बाळाला खूण केली. बाळाने पाठीमागून एक काळी छत्री काढली, उघडली, आणि अँटेनाच्या आडव्या दांडीला तिची मूठ अडकवून नाडीने बांधली. खाडीकडून झुळूक आली. छत्री फुगली. अँटेना कुरकुरला आणि सावकाश, एखाद्या म्हातारबुवांनी मान वळवावी तसा, ठाण्याकडे वळला.

खालून मजल्यामजल्यावरून आवाज आला, "मुंग्या आल्या!"

"कावळ्यांनी कुरडया नेऊ नयेत म्हणून छत्री बांधतात," क्षमा म्हणाली. "पाचच्या आत कुरडयाही खाली जातात, छत्रीही. अँटेना तसाच राहतो."

मी टाळ्या वाजवल्या. मन भरून आलं होतं. मग न्यायाधीशाच्या आवाजात विचारलं, "आता सांग, छत्री कुणाची?"

"ते नाही सांगणार, सर. उत्तर आयतं द्यायचं नाही." तिने छत्री सोडवून माझ्यासमोर धरली. "तुम्हीच शोधा."

काळ्या कापडावर पांढऱ्या रंगात, मी स्वतः रंगवलेली, टपोरी वळणदार अक्षरं होती : वि. भि. सबनीस.

"अगंबाई," मागून कुंदा म्हणाली, "म्हणून मागून नेलीस होय गं ती?"

अनंतराव बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलले. "कुणाचंही घर असलं तरी, ना सर?"

मार्तंडरावांनी खिशातून कुलूप काढलं. वर्ग बुडाला, मी मान खाली घातली. तेवढ्यात क्षमाने हात वर केला.

"काका, बंदी सरांच्या घराला आहे. वर्गाला कुठे आहे?"

मार्तंडरावांनी बराच विचार केला. त्यांना पळवाट सापडेना. मलाही सापडली नाही.

तेव्हा वर्ग अजून गच्चीवरच भरतो. मी दाराबाहेर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसतो. आत काय चाललंय ते तिथून नीट ऐकू येत नाही. काही विचारायचं असलं की मी हात वर करतो. क्षमाचं लक्ष गेलं, तर ती बोलू देते.